गाडीची ओळख : खिंडीत कूलंट तापतं तेव्हा

मागच्या लेखात इंजिन ऑइलविषयी लिहिताना तापमानाचा मुद्दा ओघात आला होता. आज तोच हाती घेऊ. पेणहून माल भरून निघालेली पिकअप वडखळ, नागोठणे मागे टाकून भिसे खिंडीच्या चढाला लागते, चालक दुसऱ्या गिअरवर येतो आणि सपाट रस्त्यावर ८५च्या आसपास असलेलं कूलंटचं तापमान ९५च्या पुढे सरकतं. चढ संपून रोह्याची वाट लागली की ते पुन्हा खाली येतं, कधी कधी ८०पर्यंतसुद्धा. पूर्वी हे कुणाला दिसत नव्हतं. आता ओबीडी सॉकेटला छोटा स्कॅनर लावला की नेमका आकडा मोबाइलवर येतो, आणि दहा-बारा अंशांची ही हालचाल पाहून चांगल्या गाडीचा थर्मोस्टॅट, सेन्सर, कधी अख्खा रेडिएटर बदलला जातो. हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो, कारण ही हालचाल कूलिंग यंत्रणा काम करत असल्याची खूण आहे.

थर्मोस्टॅटपासून सुरुवात करू. त्याच्या पोटात मेण असतं. कूलंट तापलं की मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. बऱ्याच डिझेल इंजिनांत ही झडप ८०-८५ अंशांच्या सुमारास उघडायला लागते आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. म्हणजे रेडिएटरकडे जास्त कूलंट जायला हवं असेल, तर तापमान आधी थोडं वाढायलाच हवं. वाढल्याशिवाय झडप पुढे सरकणारच नाही. पंख्याचंही तसंच. अनेक पिकअपमध्ये तो व्हिस्कस क्लचवर चालतो आणि रेडिएटरमधून येणारी हवा पुरेशी तापल्यावरच जोर धरतो. चढावर डिझेल जास्त जळतं, वेग कमी असल्याने समोरून वारा कमी मिळतो, एसी चालू असेल तर कंडेन्सरमधून तापलेली हवाच रेडिएटरवर येते. अशा वेळी तापमान तसूभरही हललं नसतं तरच नवल. उतारावर उलट घडतं. गिअरमध्ये असलेल्या गाडीचा अॅक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजिनात इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो, नवी उष्णता तयार होत नाही, तापमान उतरतं आणि झडप मिटू लागते.

भाराचा विचार वजनापुरता करून भागत नाही. पेण, हमरापूर, जोहे इथून निघणाऱ्या गणेशमूर्ती जागा पुष्कळ व्यापतात, पण पोकळ असल्याने पोत्यांच्या मानाने हलक्या. शिवाय मूर्तीला धक्का लागू नये म्हणून गाडी सावकाश हाकली जाते, आणि दिवस पावसाचे असतात. तीच गाडी मे महिन्यात धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून भरलेले ड्रम घेऊन निघाली, तर आकडे वेगळेच दिसणार. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पेण-रोह्याच्याच जिल्ह्यात भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. कूलंट ९५ अंशांवर धरलं, तर अशा दिवशी फरक उरतो जेमतेम ४९ अंशांचा. बाहेर २५ अंश असताना तो ७० असतो. म्हणजे तोच रेडिएटर, तेवढाच वारा, पण क्षमता सुमारे तीन-दशांशाने कमी. श्रावणातला आकडा वैशाखात मिळावा ही अपेक्षाच चुकीची.

यावर कुणी म्हणेल, जुन्या गाडीचा काटा एकदा मधे आला की दिवसभर हलत नसे, मग ती यंत्रणा चांगली नव्हती का? तो काटा बोलका नव्हता, एवढंच. अनेक कंपन्या काट्याची आखणीच अशी करतात की मधल्या मोठ्या टप्प्यात तो स्थिर राहावा, म्हणजे ग्राहक उगाच घाबरत नाही. इंजिनातलं तापमान तेव्हाही हलतच होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळंच नैसर्गिक मानलं तर खरा बिघाड ओळखायचा कसा? इथे एकटा आकडा उपयोगाचा नाही, त्यामागचं कारण पाहावं लागतं. चढ, गर्दी, ऊन, एसी यांपैकी काहीतरी घडलं, तापमान चढलं आणि कारण सरताच काही मिनिटांत उतरलं, तर काळजी नको. सपाट रस्त्यावर मोकळ्या वाऱ्यात ते चढत राहिलं, क्षणात उडी मारून क्षणात पडू लागलं, किंवा त्याच रस्त्यावर तेवढ्याच मालासह महिन्याभरात वाढत गेलं, तर मात्र थांबायला हवं. पंख्याचा क्लच, जाळीत अडकलेला चिखल, वॉटर पंप, आत शिरलेली हवा, हेड गॅस्केट, संशयित पुष्कळ आहेत.

उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट काढूनच टाकावा, हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. त्याने तापमान खाली दिसतं हे खरं, पण इंजिन थंड चालतं, डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते, ऑइल लवकर खराब होतं. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत धूर गाळणाऱ्या फिल्टरची सफाई इंजिन पुरेसं तापल्याशिवाय नीट होत नाही, त्यामुळे तिथे हा उपाय आणखी महागात पडतो.

थर्मोस्टॅटपेक्षा पाण्याकडे लक्ष द्यायला हवं. खारेपाटातल्या विहिरीचं खारट पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की त्यातला क्षार अॅल्युमिनियम पोखरतो. कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच हवं आणि मिसळायचं पाणी क्षारविरहित. पातळी फार उतरली तर सेन्सर उघडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही आकडा कमी दाखवू शकतो, म्हणून सकाळी गाडी सुरू करण्याआधी बाटलीतली खूण पाहणं हे स्कॅनरपेक्षा मोलाचं. ही पाहणी थंड इंजिनावरच करावी. रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरसारखं दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी १००च्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना ते झाकण फिरवलं, तर दाब सुटताच उकळतं कूलंट थेट हातातोंडावर उडतं.