नागापलीकडचं शिराळा

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, मोरणा नदीकाठी शिराळा वसलं आहे. बत्तीस गावांचं म्हणून ते बत्तीस शिराळा. श्रावण लागला की बाहेरच्यांना हे गाव आठवतं, ते नागपंचमीमुळे.

त्यामागची कथा गोरक्षनाथांची. पंचमीच्या दिवशी ते गावातल्या महाजन घराण्याच्या दारी भिक्षेला आले. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. कारण कळल्यावर नाथांनी विचारलं, ‘जिवंत नाग पुजशील का?’ तेव्हापासून गावात जिवंत नाग पुजला जाऊ लागला. आधीचे काही दिवस रानातून नाग पकडायचे, गाडग्यात जपून ठेवायचे, पंचमीला अंबामातेचं दर्शन घडवून मिरवायचे आणि नंतर जिथले तिथे सोडायचे. नागाला इथल्या बायका भाऊ मानतात.

वन्यप्राणी पकडण्यावर निर्बंध घालणारा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या आधारे दिलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2014 पासून जिवंत नागांची मिरवणूक थांबली. गाव दुखावलं, आंदोलनं झाली. 2025 मध्ये केंद्राने शैक्षणिक कारणासाठी 21 नाग पकडायला अटींसह परवानगी दिली. गावाची वेदना खरी आहे, तरीही मला न्यायालयाचं म्हणणं पटतं. गर्दी, ढोल-ताशे आणि कॅमेरे यांत नागाचे हाल होतात. शिवाय महाजनांच्या घरची मूळ पूजा मातीच्याच नागाची होती. पिढ्यान्‌पिढ्या मिळवलेली नागाची पारख मात्र हरवता कामा नये. बांधावर नाग निघाला तर काठी न उचलण्याचं शहाणपण त्याच पारखीतून आलं आहे.

नागाच्या नावाखाली बाकीचं शिराळा झाकलं गेलं, याची मला खंत वाटते. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, शके 1576 मधला. मूर्ती पुरुषभर उंचीची. देवळाचे झरोके असे ठेवलेत की उगवतीचं नि मावळतीचं ऊन थेट मारुतीच्या मुखावर पडतं.

गावातच भुईकोट किल्ल्याचे अवशेष आहेत. 1689 मध्ये संगमेश्वरी पकडलेल्या संभाजी महाराजांना मोगल फौज शिराळ्याच्या वाटेने घेऊन गेली आणि त्यांना सोडवायचा प्रयत्न इथेच झाला, असं शिराळकर अभिमानाने सांगतात. तालुक्यातल्या बिळाशीने 1930 चा जंगल सत्याग्रह गाजवला, तोही बायका-पुरुषांनी खांद्याला खांदा लावून. पश्चिमेला वारणेवरचं चांदोली धरण आणि त्यामागे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं रान.

पंचमीची गर्दी ओसरल्यावर शिराळ्याला या. मारुतीच्या देवळात सकाळी लवकर जा, मग किल्ल्याकडे वळा.