बाळाच्या वजनात उतरलेला वंशभेद

१९४०च्या आसपास केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्य चार बाहुल्या घेऊन अमेरिकेतल्या शाळांमध्ये जात असे. बाहुल्या हुबेहूब सारख्या, फरक फक्त रंगाचा. समोर तीन ते सात वर्षांची कृष्णवर्णीय मुलं. छान बाहुली कोणती, असं विचारलं की निम्म्याहून जास्त मुलं गोरी बाहुली उचलत. वाईट कोणती म्हटलं की तपकिरी. शेवटी प्रश्न येई, तुझ्यासारखी कोणती? तिथे काही मुलं रडू लागत, काही खोलीतून पळून जात. शाळांमधली वर्णविभागणी बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाचा दाखला दिला.

मनावरचे हे वळ शरीरावरही उमटतात, हे आकड्यांत दिसायला मात्र पुढची कित्येक वर्षं गेली.

रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासून १९९७ मध्ये बाळांची सरासरी वजनं प्रसिद्ध केली. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आयांची बाळं ३४४६ ग्रॅमची, आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय आयांची ३३३३ ग्रॅमची आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांची ३०८९ ग्रॅमची. दोष रक्तातला असता, तर आफ्रिकेहून आलेल्यांची बाळं सर्वांत हलकी भरायला हवी होती. ती तर गोऱ्या बाळांच्या जवळ होती! याच संशोधकांनी २००२ मध्ये पुढची पिढीही तपासली. स्थलांतरित कृष्णवर्णीय आयांच्या अमेरिकेत वाढलेल्या लेकींची बाळं त्या लेकींच्या स्वतःच्या जन्मवजनापेक्षा हलकी निघाली. इतक्या थोड्या काळात जनुकं बदलत नाहीत. बदललं होतं ते अवतीभवतीचं जगणं.

कॅलिफोर्नियातला दाखला तर अधिकच बोलका आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत अरबी नावाच्या स्त्रियांमध्ये कमी वजनाची बाळं जन्मण्याचं प्रमाण आदल्या वर्षीच्या तुलनेत वाढलं. इतर गटांत तशी वाढ दिसली नाही.

दवाखान्यातही भेद सुटत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अपेंडिक्सच्या असह्य कळा येत असूनही कृष्णवर्णीय मुलांना तातडीच्या विभागात प्रभावी वेदनाशामक मिळण्याची शक्यता गोऱ्या मुलांपेक्षा खूपच कमी होती. दुखणं तेच, उपचार वेगळे. लहान बाळाला ताप आला की लघवीची तपासणी करायची का, हे ठरवणाऱ्या मार्गदर्शिकेतही बाळाचा वंश धरला जाई. ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ने २०१९ मध्ये वंशभेद हा मुलांच्या आरोग्याचा प्रश्न असल्याचं अधिकृतपणे मांडलं आणि २०२१ मध्ये लघवीच्या संसर्गाबाबतची ती मार्गदर्शिका मागे घेतली. उशिरा का होईना, हे पाऊल मोलाचं आहे.

भारतात वंशाच्या जागी जात येते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात गुपित असताना दलित आणि सवर्ण मुलं जवळपास सारखीच चमकली. सगळ्यांसमोर जात पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली.

महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांत बाळांची वजनं नियमित नोंदवली जातात. त्या बाळांच्या आयांना गावात आणि दवाखान्यात कशी वागणूक मिळते, हेही आपल्या बालरोगतज्ज्ञांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी मिळून विचारायला घ्यावं.