एका रिॲक्टरभोवतीची तीन प्रमाणपत्रे

दहावी किंवा बारावीनंतर लगेच हाताला काम देणारे शिक्षण घ्यावे की विद्यापीठाची पदवी गाठावी, हा प्रश्न महाराष्ट्रात घरोघरी चर्चिला जात असला, तरी रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे उरणपासून अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात, त्याला जमिनीचा इतिहास चिकटलेला आहे. १९८५ च्या सुमारास थळचा खत कारखाना सुरू झाला, पुढे नागोठण्यात पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर कार्यान्वित झाले, आणि या सगळ्यासाठी ज्यांची भातखाचरे व मिठागरे गेली, त्यांना मोबदल्याबरोबर नोकरीही हवी होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी जे आंदोलन केले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. नोकरी मात्र भूखंडासारखी मोजून देता येत नाही, कारण कारखान्याच्या दारात सातबारा नव्हे, शिक्षणाचे प्रमाणपत्र पाहिले जाते, आणि ते नसलेल्या भूमिपुत्राच्या वाट्याला बहुधा ठेकेदाराकडचे हेल्परचे काम येते.

कॅनडासारख्या देशांत कॉलेज म्हणजे व्यवसायाचे शिक्षण देणारी संस्था आणि विद्यापीठ म्हणजे तिच्याहून वेगळी, पदवी देणारी संस्था, अशी विभागणी बऱ्याच अंशी रूढ आहे. भारतात तशी ती नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले ते परीक्षा घेणारी व महाविद्यालयांना संलग्नता देणारी संस्था म्हणून, आणि म्हणूनच अलिबागच्या जे.एस.एम. महाविद्यालयात शिकलेला विद्यार्थी आपल्या गावातून ये-जा करूनही मुंबई विद्यापीठाचाच पदवीधर ठरतो. येथील खरे त्रांगडे तीन प्रमाणपत्रांचे आहे. पहिले औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे आयटीआयचे, ज्यात फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर असा एखादा ‘ट्रेड’ एक किंवा दोन वर्षांत हाताने शिकवला जातो, दुसरे तंत्रनिकेतनाची पदविका, जिला सगळे डिप्लोमा म्हणतात आणि जी दहावीनंतर तीन वर्षांत मिळते, तिसरे पदवी.

लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. माणगाव तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गालगत असलेले हे विद्यापीठ बंदराप्रमाणेच १९८९ चे, त्यासाठी केलेल्या राज्याच्या कायद्यातून जन्मलेले, आणि पुढे २०१४ च्या नव्या कायद्याने राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळालेले. पण त्याच परिसरात पेट्रोकेमिकल अभियांत्रिकीची पदविका देणारी संस्थाही आहे. विद्यापीठ आणि धंदेशिक्षण ही दोन टोके आहेत असे मानणाऱ्याने या शेजारशेजारच्या वर्गखोल्या जरूर पाहाव्यात.

या तीन प्रमाणपत्रांचा परस्परांशी संबंध काय, हे महाड, धाटाव किंवा नागोठण्याच्या एखाद्या रासायनिक कारखान्यातील रिॲक्टरजवळ उभे राहिले की कळते. रिॲक्टर म्हणजे ठरावीक तापमानाला व दाबाला द्रव्ये एकत्र आणून अभिक्रिया घडवण्याचे बंद भांडे. पाळीवरचा ऑपरेटर ठरावीक वेळाने तापमान आणि दाब लॉगशीटमध्ये लिहितो, जॅकेटमधली वाफ किंवा थंड पाणी कमी-जास्त करतो, पंपाच्या ग्लँडमधून थेंब गळतो आहे का ते वाकून पाहतो. हा बहुधा आयटीआयमध्ये ‘एओसीपी’, म्हणजे रासायनिक संयंत्र चालवण्याचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला असतो. त्या पाळीचा इन्चार्ज पुष्कळदा केमिकल डिप्लोमा झालेला असतो, आणि दुरुस्तीसाठी कोणी भांड्याला हात लावण्यापूर्वी वर्क परमिटवर, म्हणजे काम सुरक्षित आहे असे सांगणाऱ्या लेखी परवानगीवर, सहीची जबाबदारी त्याच्यासारख्यावर येते. भांड्यातला नमुना बाटलीतून प्रयोगशाळेत जातो, तेथे रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला केमिस्ट टायट्रेशन करून, म्हणजे ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने मिसळून, नमुन्यातील घटकाचे प्रमाण काढतो, आणि त्याच्या आकड्यावर बॅच पुढे न्यायची की थांबवायची हे ठरते. तिघांपैकी कोणाचीही चूक उरलेल्या दोघांच्या जिवावर बेतू शकते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जी सुधारणा झाली, तिने धोकादायक प्रक्रियांच्या ठिकाणी घातक द्रव्यांच्या हाताळणीवर देखरेख करणाऱ्याकडे पात्रता आणि अनुभव दोन्ही असण्याची सक्ती केली. म्हणजे कायद्यालाही नुसता कागद पुरत नाही आणि नुसता सरावही पुरत नाही.

मग निवड कशावरून करावी? येथे वर्षांचा हिशेब मांडणे उपयोगाचे आहे, कारण तो फारसा मांडला जात नाही. दहावीनंतर दोन वर्षे विज्ञान शाखा आणि चार वर्षे अभियांत्रिकी अशी सहा वर्षे लागतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून ‘डायरेक्ट सेकंड इयर’ला, म्हणजे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, प्रवेश घेतला तर तीन अधिक तीन अशी सहाच वर्षे होतात. दोन वर्षांची आयटीआय, मग डिप्लोमाचे थेट दुसरे वर्ष आणि त्यानंतर पुन्हा पदवीचे थेट दुसरे वर्ष, हा मार्ग सात वर्षांचा, म्हणजे अवघ्या एका वर्षाने लांब आहे. फरक मुक्कामांचा आहे. घरची अडचण आली आणि मध्येच थांबावे लागले, तर आयटीआयच्या किंवा डिप्लोमाच्या मुक्कामावर हातात नोकरीला चालणारा कागद असतो, तर बारावी विज्ञानाच्या मुक्कामावर तसे फारसे काही नसते. ज्या घरचा एकमेव कमावता होडीवर किंवा ठेकेदाराकडे आहे, त्या घराने हा फरक अतिशय गांभीर्याने घ्यायला हवा.

याचा अर्थ डिप्लोमाच सर्वांसाठी बरा असा नव्हे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी यंत्र, वीज किंवा रसायन यांपैकी एक शाखा पक्की करणे ही लहान गोष्ट नाही, आणि अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे दार असो की मूलभूत विज्ञानाचे, ते बारावी विज्ञानातूनच उघडते. शिवाय थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांना गणित जड जाते हे तेथील शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. आयटीआयकडे जाणाऱ्याने तर प्रवेश अर्जावर ट्रेड भरण्यापूर्वीच तो दोन वर्षांचा आहे का आणि त्यावरून डिप्लोमाला जाता येते का, हे विचारून घ्यावे. एक वर्ष वाचवण्यासाठी घेतलेला छोटा ट्रेड पुढची पायरीच काढून टाकू शकतो.

शिकाऊ उमेदवारीबाबत, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिपबाबत, गैरसमज फार आहेत. १९६१ च्या कायद्यानुसार मोठ्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यांना विद्यावेतन द्यावे लागते, पण मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन त्यांच्यावर सर्वसाधारणपणे नसते. तेव्हा ‘एकदा आत गेलो की परमनंट’ या समजुतीवर मुलाचे शिक्षण सोडवणे धोक्याचे आहे.

किनाऱ्याची जुनी वाट समुद्राची. न्हावा येथे ‘टी. एस. रहमान’ ही जुनी प्रशिक्षण संस्था आहे, २००८ पासून देशात भारतीय सागरी विद्यापीठही आहे, आणि येथेही दोन वाटा फुटतात: दहावीनंतर अल्पकालीन प्रशिक्षण घेऊन जहाजावर खलाशी म्हणून जाण्याची, आणि बारावीनंतर पदवी घेऊन अधिकारी होण्याची. या क्षेत्रात कोर्सच्या जाहिरातीपेक्षा नौवहन महासंचालनालयाची मान्यता तपासणे महत्त्वाचे, कारण सीडीसी, म्हणजे खलाशाचे सेवापुस्तक, हातात आले तरी जहाज मिळेलच असे नसते आणि मधल्या दलालांनी कोकणातील कित्येक घरांना कर्जात लोटले आहे.

साध्या पदवीवर जो आक्षेप घेतला जातो, की तीन वर्षे गेली तरी हाताला काही येत नाही, तो खोटा नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने आखलेल्या पदवीत कौशल्याचे विषय आणि ऑन-जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक आहेत, आणि एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही आहे. परंतु मुरूड किंवा श्रीवर्धनच्या विद्यार्थ्याला हे प्रशिक्षण देणारा कारखाना एसटीच्या किती तासांवर आहे, हा प्रश्न महाविद्यालयांनी अजून सोडवायचा आहे. त्याउलट, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि उरणची रेल्वे दोन्ही सुरू झाल्याने उरणच्या मुलांचा भूगोलच बदलला, आणि एकाच जिल्ह्यातील दोन तालुक्यांना एकच सल्ला देणे आता अयोग्य ठरेल.

मुलींच्या बाबतीत २०२४-२५ पासून आणखी एक हिशेब बदलला आहे: वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासन पूर्ण माफ करते. म्हणजे जो डिप्लोमा किंवा जी अभियांत्रिकी ‘मुलीसाठी एवढा खर्च कशाला’ म्हणून नाकारली जात असे, तिच्याआड खर्चाचा मोठा भाग आता उरलेला नाही. उरली आहे ती रात्रपाळीची धास्ती, वसतिगृहाची सोय, आणि सरकारी कचेरीतला एक अर्ज. तो प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या कुटुंबाला मिळणाऱ्या प्रकल्पग्रस्त दाखल्याचा. या दाखल्यावर शासकीय नोकरीत समांतर आरक्षण मिळते, पण तो दाखला एका कुटुंबातून एकाच व्यक्तीच्या नावे निघतो. त्या रकान्यात आजवर बहुतेक वेळा मुलाचे नाव विचार न करताच लिहिले गेले, आणि डिप्लोमा पूर्ण करून बसलेल्या मुलीचेही नाव तेथे लिहिता येते, हे अनेक घरांत कोणाच्या लक्षातही आलेले नाही.