राजधानी नगरची, बंदर चौलचं
पाटोद्याहून निघून इतिहास आणि समुद्र एकाच सहलीत पाहण्याचा मार्ग

पाटोदा तालुक्यातलं पाणी पूर्वेकडे जातं. गवळवाडीच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा गोदावरीला मिळते. सौताड्याच्या कड्यावरून उडी घेणारी विंचरणा सीनेला आणि पुढे भीमेला. माणसांची वाट मात्र पश्चिमेची. दसरा-दिवाळी झाली की कोयता आणि बिऱ्हाड घेऊन गावंच्या गावं साखर कारखान्यांकडे निघतात. घराबाहेर पडणं म्हणजे एक तर कामासाठी, नाही तर गहिनीनाथगड किंवा पंढरपूरच्या वारीसाठी. निव्वळ पाहण्यासाठी, पोराबाळांना घेऊन चार दिवस कुठे जावं, हा विचार आता कुठे घरोघरी होऊ लागला आहे. तो होतो तेव्हा पोरांना समुद्र हवा असतो आणि थोरांना एखादं जुनं, नावाजलेलं ठिकाण.

या दोन्ही इच्छा पुऱ्या करणारा एक मार्ग पाटोद्याच्या अगदी सोयीचा आहे: अहिल्यानगर, तिथून चौल-रेवदंडा आणि शेवटी मुरूड-जंजिरा. नगर ही निजामशाहीची राजधानी, चौल हे तिचं बंदर आणि जंजिरा हे तिचं समुद्रातलं ठाणं. ही तिन्ही ठिकाणं एकाच राज्याची आहेत. ती या क्रमाने पाहिली, तर शाळेच्या पुस्तकात सुटी सुटी भेटणारी नावं एकमेकांना जोडली जातात.

पहिला मुक्काम: नगर

पाटोद्याहून जामखेड, आष्टी, कडा असा रस्ता नगरला जातो. रेल्वेही आता जवळ आली आहे. नगर-आष्टी हा 66 किलोमीटरचा टप्पा 2022मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर 2025मध्ये गाडी बीडपर्यंत पोहोचली. तालुक्यातलं अमळनेर याच मार्गावर आहे.

1490मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात आपलं शहर वसवलं. तेच अहमदनगर; 2024पासून त्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर. शहरातला भुईकोट खंदकाने वेढलेला आहे. आज जी दगडी तटबंदी दिसते ती हुसेन निजामशहाच्या काळातली, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरची. 1595-96मध्ये मुघल फौजेने वेढा घातला तेव्हा चांदबिबीने हाच कोट लढवला. 1942च्या आंदोलनात पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी नेत्यांना इथेच कैदेत ठेवलं होतं आणि नेहरूंचा ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ या भिंतींआड लिहिला गेला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र जवळ हवं आणि प्रवेशाची चौकशी आधी करून ठेवावी.

किल्ल्यापासून जवळच दमडी मशीद आहे. वास्तू लहानशी, पण तिच्या दगडावरचं कोरीव काम डोळा जवळ नेऊन पाहावं असं: वेलबुट्टी, कमळं आणि अक्षरांच्या ओळी. किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतली एकेक दमडी दिली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली, असं नगरमध्ये सांगतात. घाम गाळून घर चालवणाऱ्या आपल्या मुलखातल्या माणसाने ही कथा ऐकत त्या दगडावर हात ठेवावा. राजांच्या इमारती पुष्कळ आहेत; मजुरांच्या नावाने ओळखली जाणारी अशी क्वचितच सापडते.

दिवसाच्या उरलेल्या वेळात फराहबाग, मुलांसाठी रणगाड्यांचं संग्रहालय आणि संध्याकाळी पाथर्डी रस्त्यावरचा चांदबिबी महाल. त्याला महाल म्हणतात, पण ती सलाबतखान या निजामशाही मंत्र्याची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे. डोंगरमाथ्यावरून सारं नगर दिसतं.

नगरच्या परिसरात भातोडीही आहे. 1624मध्ये मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांचा इथे मोड केला. शहाजीराजे या लढाईत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले. मलिक अंबर हा आफ्रिकेतल्या हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला आणि डोंगराळ मुलखात गनिमी काव्याने मुघलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं. हे नाव ध्यानात ठेवून घाट उतरावा, कारण किनाऱ्यावर हबशांचा इतिहास पुन्हा समोर येतो.

दुसरा मुक्काम: चौल-रेवदंडा

नगरहून पुणे, तिथून खोपोली-पेणमार्गे अलिबाग. या प्रवासाला जवळजवळ पूर्ण दिवस धरावा. अलिबागच्या दक्षिणेला 15-20 किलोमीटरवर, कुंडलिकेच्या मुखाशी चौल आणि रेवदंडा ही जोडगावं आहेत. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी आणि सावलीतले अरुंद रस्ते आहेत. एके काळी मात्र हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. ग्रीक लेखकांना ते ठाऊक होतं. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी 1469च्या सुमारास भारतात उतरला तो इथेच. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. अरबस्तानातले घोडे या बंदरात उतरत आणि घाट चढून देशावर जात. दख्खनच्या घोडदळाची ताकद अशा बंदरांवर अवलंबून होती.

म्हणूनच पोर्तुगिजांचा डोळा चौलवर होता. 1508मध्ये इथल्या समुद्रात मोठी आरमारी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा तीत मारला गेला. पुढे 1521मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी रेवदंड्यात किल्ला बांधायला घेतला. 1570-71मध्ये मुर्तझा निजामशहाने त्यालाच वेढा घातला, पण किल्ला हाती आला नाही. खाडीपलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशाहीने तट उभारला. 1594मध्ये तोही पोर्तुगिजांनी घेतला. हा सगळा टापू मराठ्यांकडे आला तो 1740मध्ये.

रेवदंड्याच्या तटाच्या आत आता वाड्या आणि घरं आहेत. झावळ्यांमधून सातखणी मनोरा अचानक समोर येतो. समुद्राच्या बाजूने तटाच्या कडेने चालत गेलं की शेवाळलेले दगड आणि ठिकठिकाणी पडलेल्या तोफा दिसतात. चौलमध्ये रामेश्वराचं देऊळ आणि दत्ताची टेकडी आहे. पूल ओलांडून कोर्लईला जावं. गडावरून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला खुला समुद्र आणि पायथ्याशी कोळ्यांच्या होड्या असं दृश्य आहे. कोर्लई गावातली काही कुटुंबं पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली स्वतःची बोली आजही घरात बोलतात. राज्य गेलं, पण भाषा राहिली.

तिसरा मुक्काम: मुरूड-जंजिरा

रेवदंड्याहून काशिदमार्गे मुरूडचा रस्ता बराचसा समुद्राला धरून जातो. मुरूडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी जंजिऱ्याला नेते. किल्ल्याचा दरवाजा लांबून दिसत नाही. होडी तटाला भिडायला आली की तो उघड होतो. दरवाजाजवळ एक शिल्प आहे: पंजांत आणि शेपटीत हत्ती जखडून धरलेला शरभ. आत कलालबांगडी ही प्रचंड तोफ आहे आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. पाण्याची किंमत जाणणाऱ्या आपल्यासारख्यांनी या तलावांच्या काठावर जरा थांबावं. हा किल्ला इतकी वर्षं टिकला त्यात तोफांइतकाच या पाण्याचा वाटा आहे.

कोळ्यांचा राजा राम पाटील याचा मेढेकोट निजामशाहीच्या सरदाराने घेतला आणि त्या जागी सोळाव्या शतकात दगडी दुर्ग उभा राहिला. तो सिद्दींच्या, म्हणजे हबशी सरदारांच्या हाती गेला. शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी निकराचे प्रयत्न केले. जवळच पद्मदुर्ग उभारून सिद्दीला शह दिला. तरीही जंजिरा हाती आला नाही. सिद्दींचं संस्थान 1948पर्यंत टिकलं. नगरच्या दरबारात मलिक अंबर आणि समुद्रात सिद्दी: दख्खनच्या राजकारणात आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी केवढी जागा मिळवली, हे इथे उभं राहिल्यावर कळतं.

निघण्यापूर्वी

जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून ऑक्टोबर ते मे हेच दिवस. डिसेंबर-जानेवारीची हवा उत्तम, पण ऊसतोडीची कुटुंबं तेव्हा फडात असतात. त्यांच्यासाठी पट्टा पडल्यानंतरचा एप्रिल-मे उरतो. ऊन कडक असेल, तेव्हा किल्ले सकाळी पाहावेत आणि किनारा संध्याकाळी.

खर्चाचा जम बसवायला एसटी आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेत चार आणि सात दिवसांचे पास मिळतात. या सहलीला सात दिवसांचा पुरतो. महिलांना 2023पासून निम्मं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. आधारकार्ड बरोबर असावं. पास परवडतो की सुटी तिकिटं, याचा हिशेब माणसं मोजून आगारात करावा.

माळकऱ्यांनी कोकणात जेवणाची काळजी करू नये. घरगुती खानावळीत आधी सांगितलं की वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मिळते. मासे खाणाऱ्यांची तर चंगळच.

समुद्राबाबत मात्र सावध राहावं. विहिरीत पोहणारा पोर समुद्रात पोहू शकेलच असं नाही; ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठच्या. तिथी आपल्याकडे घरोघरी तोंडपाठ असते, तिचा हा उपयोगही शिकून घ्यावा. तरी पाण्यात उतरण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारावं आणि त्यांचं ऐकावं.

आपल्या तालुक्यातली पोरं शाळेत चांदबिबी, मलिक अंबर आणि जंजिरा यांवरचे धडे वाचतात. ती ठिकाणं त्यांनी पाहावीत, समुद्रात पाय भिजवावेत आणि नगरपासून जंजिऱ्यापर्यंतची गोष्ट घरी येऊन स्वतःच्या शब्दांत सांगावी. हंगामाच्या मिळकतीतला थोडा पैसा त्यासाठी बाजूला काढणं ही चैन नाही. ते मुलांचं शिक्षणच आहे, आणि वर्षभर राबणाऱ्या आई-बापाच्या हक्काची विश्रांतीही.