वर कोण नेणार?

शाळेच्या पुस्तकातलं नायट्रोजनचक्र बहुतेकांना आठवत असेल. ढग, वीज, हरभऱ्याचं रोप, गाय, जिवाणू आणि या सगळ्यांना गोल जोडणारे बाण. चित्र चुकीचं नाही, पण ते सपाट कागदावर काढलेलं असतं आणि जमीन सपाट नसते. तिला उतार असतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस मातीतलं पोटॅश, कॅल्शियम आणि फॉस्फरस विरघळवत, ओरबाडत ओढ्यात आणतो, ओढा नदीत, नदी समुद्रात. नायट्रोजनला निदान हवेतून परतायची वाट आहे. फॉस्फरसला वायुरूप जवळपास नाहीच. समुद्रतळाच्या गाळात गेलेला फॉस्फरस तो तळ वर उचलला जाऊन त्याचा डोंगर होईपर्यंत, म्हणजे कोट्यवधी वर्षं, तिथंच अडकतो. खडक झिजून थोडा नवा मिळत राहतो हे खरं, पण फार सावकाश. मग डोंगरावरची रानं आणि जुनी, धुपलेली माती इतकी वर्षं टिकली कशी? पाणी सगळं खाली नेतं. वर कोण आणतं?

याचं उत्तर शोधायला आधी ऊर्जेकडे वळायला हवं. परिसंस्थेतल्या ऊर्जेचा हिशेब प्रथम नीट मांडला तो रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी संशोधकानं. मिनेसोटातल्या सीडर बॉग नावाच्या लहानशा तळ्यात त्यानं अनेक वर्षं शेवाळ, कीटक, मासे, गाळ मोजला आणि मग एक धीट गोष्ट केली: ही सगळी जीवसृष्टी त्यानं ऊर्जेच्या एकाच मापात उतरवली. सूर्याकडून किती आलं, वनस्पतींनी किती धरलं, त्यांना खाणाऱ्यांपर्यंत किती पोचलं. ‘इकॉलॉजी’ नियतकालिकाच्या परीक्षकांना हा निबंध फारच सैद्धांतिक वाटला आणि त्यांनी तो नाकारला. येल विद्यापीठातले त्याचे मार्गदर्शक जी. एव्हलिन हचिन्सन यांनी रदबदली केली, म्हणून तो १९४२मध्ये छापून आला. तोवर लिंडमन गेलेला होता. वयाचं सत्ताविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

पुढं १९५७ साली हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या नितळ झऱ्याचा हिशेब प्रसिद्ध केला. एका चौरस मीटरमागे वर्षाला वनस्पतींनी बांधलेली ऊर्जा २०,८१० किलोकॅलरी. शाकाहाऱ्यांपर्यंत पोचली ३,३६८. त्यांना खाणाऱ्यांपर्यंत ३८३ आणि सगळ्यात वरच्या मांसभक्षकांपर्यंत फक्त २१. दर पायरीला दहा टक्केच पुढं जातात, असं आपण पाठ केलेलं असतं. या आकड्यांत ते प्रमाण पहिल्या पायरीला सोळा, दुसरीला अकरा आणि तिसरीला साडेपाच टक्के भरतं. म्हणजे दहा टक्के हा नियम नव्हे, ढोबळ सरासरी आहे. उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळे परिसरात वाघांचा अभ्यास करून जो हिशेब मांडला, तो याच जातीचा: एका वाघाला वर्षाला सुमारे पन्नास खूरवाले प्राणी लागतात आणि ती तूट भरून निघायची तर मागं पाचशेचा कळप हवा. ताडोब्यात वाघ किती मावतील हा प्रश्न म्हणूनच शेवटी गवताचा प्रश्न असतो.

मधल्या पायऱ्यांवर गळणारी ही ऊर्जा आपण ‘वाया गेली’ असं म्हणतो. मला तो शब्दप्रयोग पटत नाही. ती उष्णता होऊन निघून जाते आणि परत वापरता येत नाही, इथवर ठीक. पण जाण्याआधी ती काही कामं करते. हरीण चालतं, पक्षी समुद्रावरून उडतो, मासा धारेविरुद्ध पोहतो, वाळवी माती उकरते. या चालण्या-उडण्यातच पोटातला आणि अंगातला माल इकडून तिकडे होतो. ऊर्जा एकदाच येते आणि जाते, पोषकद्रव्यं मात्र फिरत राहतात, असं दोन वेगळ्या वाक्यांत शिकवलं जातं. माझ्या मते ते एकच वाक्य आहे: ऊर्जा जाते, म्हणून द्रव्य फिरतं.

द्रव्य उताराला किती लवकर लागतं, याचा कडक पुरावा अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक जंगलात मिळाला. हर्बर्ट बोरमन, जीन लिकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३पासून तिथल्या छोट्या ओढ्यांवर बांध घालून, बाहेर पडणाऱ्या पाण्यातला एकेक क्षार मोजायला सुरुवात केली. मग १९६५च्या हिवाळ्यात एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली, लाकूड तिथंच पडू दिलं आणि नवं काही उगवू नये म्हणून पुढच्या काही उन्हाळ्यांत तणनाशक फवारलं. त्या ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट चाळीस-पन्नास पटींनी वाढलं. माती तीच, पाऊस तोच. पोषण धरून ठेवणारी मुळं तेवढी गेली होती. उभं जंगल म्हणजे उतारावर घातलेला बांधच, आणि तो रोजच्या रोज सूर्याच्या उन्हावर दुरुस्त होत असतो.

आपल्याकडचे सडे पाहिले की हा बांध नसला तर काय होतं ते कळतं. कास किंवा रत्नागिरीकडच्या जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर बोटभर, त्यावर धो धो पाऊस. नायट्रोजन टिकतच नाही. तिथल्या काही वनस्पतींनी मग मातीचा नाद सोडून थेट शिकार धरली. ‘दवबिंदू’ पानावरच्या चिकट थेंबांत कीटक अडकवते. ‘सीतेची आसवं’ हे नाजूक निळंजांभळं फूल पाहून लोक हळवे होतात, पण त्याच्याच पाण्याखालच्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव खेचले जाऊन पचत असतात. फुलांचे फोटो काढणाऱ्या गर्दीला हे सहसा कुणी सांगत नाही.

घनदाट रानात शिकारीची गरज पडत नाही, कारण तिथं पानगळीचा कारभार चोख असतो. जंगलातल्या हिरव्या पानांपैकी अगदी थोडी कुणी खातं. बाकीची गळतात आणि बुरशी, जिवाणू, गांडुळं, वाळवी यांच्या वाट्याला येतात. आपल्याकडची वारुळं करणारी वाळवी तर बुरशीची शेती करते. चघळलेलं लाकूड आणि पाला वारुळात रचून ती त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी, गोव्यातली महागडी ‘रोयण अळमी’, ही त्याच शेतीची फळं. माणसाला ती लागवड अजून साधलेली नाही. वाघावर सिनेमे निघतात. जंगलाच्या ऊर्जेचा मोठा ओघ मात्र या पायाखालच्या मंडळींतून जातो.

पण हे सगळं झालं असलेलं राखण्याबद्दल. वर आणणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

त्यांतला सगळ्यात नाट्यमय वाहक प्रशांत महासागरातला सामन मासा. हा डोंगरातल्या ओढ्यात जन्मतो, लहानपणीच समुद्रात जातो आणि अंगाचं जवळजवळ सगळं वजन तिथं कमावतो. मग अंडी घालायला धारेविरुद्ध शेकडो किलोमीटर चढून त्याच ओढ्यात येतो आणि तिथंच मरतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात टॉम रायमखेन यांनी दाखवलं की अस्वलं हे मासे ओढून रानात नेतात, मेंदू आणि गाभोळी असे चवदार भाग खातात आणि बाकीचं टाकून देतात. समुद्रातल्या नायट्रोजनमध्ये त्याचा जड समस्थानिक थोडा जास्त असतो. ती खूण ओढ्याकाठच्या झाडांच्या लाकडात सापडते.

दुसरा वाहक निर्जीव आहे. आफ्रिकेतल्या चाड देशात बोडेले नावाचा खोलगट प्रदेश आहे, एका प्राचीन सरोवराचा कोरडा तळ. तिथली धूळ वारा उचलतो आणि अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेवर टाकतो. उपग्रहाच्या नोंदींवरून २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार सहारा परिसरातली वर्षाला सुमारे २.७७ कोटी टन धूळ ॲमेझॉन खोऱ्यात पडते आणि तिच्यातून सुमारे २२,००० टन फॉस्फरस येतो. पाऊस आणि पूर तिथून जेवढा धुऊन नेतात, साधारण तेवढाच. जगातलं सर्वांत हिरवं रान काही अंशी वाळवंटाच्या धुळीवर जगतं.

पक्ष्यांची वाहतूक तर माणसानं पैशांत मोजली. पेरूच्या चिंचा बेटांवर पाणकावळ्यांच्या जातीचे पक्षी शतकानुशतकं समुद्रातले मासे खाऊन विष्ठा टाकत राहिले. पाऊस नसल्यानं ती साचत गेली. एकोणिसाव्या शतकात हे ‘ग्वानो’ जहाजं भरभरून युरोप-अमेरिकेच्या शेतांत गेलं. त्यासाठी अमेरिकेनं १८५६ साली बेटं ताब्यात घेण्याचा कायदा केला आणि १८६४मध्ये स्पेननं चिंचा बेटंच बळकावली. हजारो वर्षांचा साठा काही दशकांत संपला. उरलेले वाहकही रोडावले. क्रिस्टोफर डाउटी आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये अंदाज बांधला, की देवमासे आणि इतर सागरी सस्तन प्राणी खोल पाण्यातून वर्षाला ३४ कोटी किलो फॉस्फरस पृष्ठभागाकडे आणत असत, ते आता साडेसात कोटींवर आलं आहे. समुद्रपक्षी आणि सामनसारखे मासे मिळून जमिनीवर आणत ते तर पूर्वीच्या चार टक्क्यांपर्यंत घसरलं आहे.

आपल्याकडे हे काम माणसं आणि त्यांची जनावरं करत आली. दसरा-दिवाळी झाली की पुणे-सातारा भागातल्या कोरड्या तालुक्यांतले धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात येतात. भात कापून झालेलं असतं. मेंढरं दिवसा उतारावर, बांधांवर, गायरानात चरतात आणि रात्री शेतकऱ्याच्या खाचरात वाघर लावून बसवली जातात. दिवसभर पसाऱ्यातून गोळा केलेलं पोषण रात्रीत नेमक्या जागी पडतं. मोबदला पूर्वी धान्यात मिळे, आता बऱ्याचदा रोख. किनाऱ्यावर तारलीची रेलचेल झाली की उरलेली मासळी नारळाच्या आळ्यात जाई. सामन आणि अस्वल मिळून जे करतात, तेच इथं रापण आणि फावडं करत होतं.

शहरांच्या बाबतीतही एक वाट होती: सोनखत. मैला कुजवून, वाळवून तो शेतात जाई. पण ही वाट आठवताना हळवं व्हायचं कारण नाही, कारण तो डोक्यावरून वाहायला लावलेली माणसं ठरावीक जातींची होती आणि त्यांनी ते काम निवडलेलं नव्हतं. ती प्रथा कायद्यानं १९९३मध्ये आणि पुन्हा २०१३मध्ये बंद करावी लागली. ती प्रथा जायलाच हवी होती. तिच्याबरोबर गेलेली परतीची वाट दुसऱ्या कुठल्या साधनानं बांधली गेली नाही, ही वेगळी गोष्ट.

आता फॉस्फरस येतो तो खाणीतून. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के मोरोक्को आणि त्याच्या ताब्यातल्या पश्चिम सहारात आहेत. उदयपूरजवळच्या झामरकोट्रासारख्या आपल्या खाणी गरजेपुढे तोकड्या, म्हणून भारत बहुतेक माल आयात करतो. तो डीएपी खताच्या गोणीतून शेतात, तिथून गहू-तुरीतून मुंबईत आणि मुंबईतून बराचसा वरळी आणि वांद्र्याच्या सांडपाण्याच्या नळांनी किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटर आत, अरबी समुद्रात जातो. या समुद्राला पोषण कमी नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे दरवर्षी खालचं पाणी वर आणतातच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं, की पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात प्राणवायूची टंचाई तीव्र होत चालली आहे, आणि जमिनीवरून येणारा जादा नायट्रोजन हे त्याचं संभाव्य कारण त्यांनी मांडलं.

स्वित्झर्लंडनं २०१६मध्ये आणि जर्मनीनं २०१७मध्ये नियम केले, की सांडपाण्याच्या गाळातला किंवा त्याच्या राखेतला फॉस्फरस टप्प्याटप्प्यानं परत काढावाच लागेल. तंत्र अवघड नाही, महाग आहे. आपण गोणीच्या आयातीवर आणि अनुदानावर जो खर्च करतो, त्याच्या शेजारी वरळीच्या नळातून जाणाऱ्या मालाची किंमत लिहून पाहिली, तर महाग म्हणजे नेमकं काय ते ठरवता येईल.