पतंगाच्या दोरीपासून तारेपर्यंत

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागात फिरताना कानावर सहज अहिराणी पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची ही माणसं ताप्ती लाइनच्या गाडीने आली, लूमवर आणि कापड मार्केटात कामाला लागली आणि इथलीच झाली. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळा आहेत. पण घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, बाजारात हिंदी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी चौथी भाषा वाटते. शब्दार्थ पाठ करून घेतल्याने ती जवळ येत नाही. शब्दाला गोष्ट लागते आणि हाताला लागेल अशी वस्तू लागते. विमानाच्या जन्माची हकिगत मला या कामासाठी फार मोलाची वाटते, कारण तिच्या सुरुवातीलाच पतंग आहे. आणि उत्तरायण साजरं करणाऱ्या सुरतेत पतंग कुणाला शिकवावा लागत नाही.

30 मे 1899 रोजी विल्बर राइटने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिलं आणि उडण्याविषयी जे काही छापलं गेलं आहे ते मागितलं. संस्थेने पुस्तिका आणि पुस्तकांची यादी पाठवली. सायकलीचं दुकान चालवणारे विल्बर आणि ऑर्व्हिल हे दोघे भाऊ आधी वाचायला बसले, हे मुलांना आवर्जून सांगावं. त्याच उन्हाळ्यात विल्बरने पाच फूट रुंदीचा, दोन मजली पतंग केला. त्याच्या चार दोऱ्या ओढल्या की पंखांच्या टोकांना पीळ बसे आणि पतंग हव्या त्या अंगाला कले.

इथे धडा थांबवून वर्गात पतंग आणावा. तो एकाच बाजूला झुकत असेल तर काय करायचं, हे मुलं बाईंनाच शिकवतील: दुसऱ्या बाजूला कन्नी बांधायची, नाहीतर किन्ना पुन्हा बांधायचा. त्या दोन मिनिटांत ‘कल’, ‘तोल’, ‘पीळ’, ‘ताण’ हे शब्द बोटांना कळतात. मग धड्याच्या पुढच्या परिच्छेदात ‘सुकाणू’ आला की लगेच अर्थ सांगू नये. आजूबाजूच्या वाक्यांवरून त्यांनाच ओळखू द्यावा.

राइट बंधू वाचलेलंही तपासून घेत. हवेच्या उचलीचे छापील आकडे प्रत्यक्षाशी जुळेनात, तेव्हा 1901 साली त्यांनी लाकडी पेटीसारखा वाऱ्याचा बोगदा बनवला आणि सुमारे 200 लहान पंख त्यात पारखले. अशा वाचनाची सवय वर्गात लावायची तर माझ्या मते त्यांच्या तारेसारखा उतारा नाही. 17 डिसेंबर 1903 रोजी किटी हॉकजवळ चार उड्डाणं झाली. पहिलं 12 सेकंदांचं, 120 फुटांचं आणि शेवटचं 59 सेकंदांचं, 852 फुटांचं. ऑर्व्हिलने वडिलांना तार केली: चार उड्डाणं यशस्वी, वृत्तपत्रांना कळवा, नाताळला घरी येतो. पण तारेत 59 चे 57 सेकंद झाले आणि ऑर्व्हिलच्या नावाचं स्पेलिंगही चुकलं. तार आणि उड्डाणांची नोंद शेजारी ठेवून मुलांना विचारावं: कुठला आकडा खरा, आणि कशावरून? तारेच्या तुटक शब्दांची त्यांनी पूर्ण वाक्यं करावीत. क्रियापदं, विभक्ती, विरामचिन्हं यांची गरज व्याकरणाच्या तासापेक्षा इथे लवकर पटते.

मग शिवकर बापूजी तळपदे यांच्याकडे यावं. 1895 मध्ये त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. त्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा नाही. या दाव्याशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 साली मांडला. ‘असं म्हणतात’ आणि ‘अशी नोंद आहे’ यांतला फरक सहावीच्या मुलाला नक्की कळतो. आपल्या माणसाबद्दल प्रेम ठेवूनही तो शिकवायला हवा.

सुरत विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन 17 डिसेंबर 2023 रोजी झालं, राइट बंधूंच्या उड्डाणानंतर बरोबर 120 वर्षांनी. सुरतेतल्या मराठी शिक्षकांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे: येत्या 17 डिसेंबरला मैदानात दोर ताणून 120 फूट मोजा. साधारण साडेछत्तीस मीटर होतात. मुलांना त्या दोराच्या कडेने चालू द्या, आणि टोकाला पोचली की ती तार त्यांच्या हातात वाचायला द्या.