यीस्टचा खर्च कर्करोगाच्या खात्यात

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत बिअरचे कारखाने आहेत आणि शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय. कारखान्यात यीस्टच्या पेशी जोमाने वाढाव्यात म्हणून खटपट चालते, रुग्णालयात माणसाच्या पेशींची बेताल वाढ रोखण्यासाठी. या दोन्ही वाढींवर हुकमत चालवणारी जनुके मात्र एकाच घराण्यातली आहेत. म्हणूनच यीस्टच्या संशोधनावर होणारा खर्च कर्करोगाच्याच खात्यात मांडला पाहिजे.

पोषक द्रावणात यीस्टच्या पेशी साधारण दीड तासात दुप्पट होतात. नवी पेशी जुनीच्या अंगावर कळीसारखी फुटते. कळी केवढी झाली आहे ते सूक्ष्मदर्शकातून पाहिले की विभाजन कुठवर आले ते कळते. १९७०च्या सुमारास सिअ‍ॅटलमध्ये लेलँड हार्टवेल यांनी याचाच फायदा घेतला. त्यांनी निवडलेले बिघडलेल्या जनुकांचे यीस्ट २३ अंश सेल्सिअसला नीट वाढे, ३६ अंशांवर मात्र अडे. एका वाणाच्या सगळ्या पेशी कळी न फुटताच थांबत, तर दुसऱ्याच्या मोठी कळी येऊनही सुट्या होत नसत. पेशी कुठे अडली यावरून कोणते जनुक केव्हा कामाला येते ते उमगत गेले. सीडीसी२८ हे जनुक नसेल, तर विभाजनाला सुरुवातच होत नाही. ब्रिटनमध्ये पॉल नर्स यांना वेगळ्या जातीच्या यीस्टमध्ये त्याचाच जोडीदार सापडला. १९८७मध्ये नर्स आणि मेलनी ली यांनी माणसाचे तसेच जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये घातले आणि अडलेले विभाजन सुरू झाले. हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना २००१चे नोबेल मिळाले.

यीस्टला ना रक्तवाहिन्या, ना अवयव. त्याला गाठ कुठली होणार, हा आक्षेप रास्त आहे. गाठ शरीरभर कशी पसरते, प्रतिकारशक्ती कुठे कमी पडते, हे यीस्ट सांगू शकत नाही. माणसात विभाजनाच्या कामाची प्रथिनेही अनेक आहेत. पण विभाजनाची मुख्य सूत्रे जिथे एकाच प्रथिनाच्या हाती असतात, तिथेच त्याचे काम आधी उलगडते. अमेरिकेत २०१५मध्ये मान्यता मिळालेले पालबोसिक्लिब हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध याच घराण्यातली सीडीके४ आणि सीडीके६ ही प्रथिने रोखते. दुसरा आक्षेप पैशाचा: आधी तंबाखू सोडवा, वेळेवर तपासण्या करा. तेही केलेच पाहिजे, त्याला पर्याय नाही. मात्र १९८७चा प्रयोग आणि २०१५चे औषध यांत २८ वर्षांचे अंतर आहे. तपासणीचा पैसा आजच्या रुग्णासाठी असतो, यीस्टचा पुढच्या पिढीतल्या. एकाच्या वाट्यातून दुसऱ्याला देणे हा हिशेब चुकीचा ठरेल.